खदानीच्या उतारावरची अॅम्बेसेडर

गाडीला तीन नंबर असतात. पाटीवरचा सगळ्यांना पाठ असतो. आमच्या उरणकडचे काही हौशी तर तो अंगठीवरसुद्धा कोरून घेतात. दुसरा नंबर चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि तिसरा इंजिनावर. या शेवटच्या दोघांकडे मालक जन्मात एकदाही ढुंकून बघत नाही. मी मोटार वाहन निरीक्षक होते आणि नोकरीभर मुख्यतः त्या दोघांकडेच बघत आले.

ते बघायची आमची रीत साधी आहे. नंबरावर पातळ कागद ठेवायचा आणि त्यावर पेन्सिल आडवी धरून घासायची. खोदलेले आकडे कागदावर पांढरे उमटतात. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून असंच करायचो. याला आम्ही पेन्सिल प्रिंट म्हणतो. माझ्या खाकी शर्टाच्या खिशात पेन कधी असायचं, कधी नसायचं, पण पेन्सिल कायम असायची. घरी भाताला फोडणी देताना कानावर पेन्सिल तशीच राहिलेली असे आणि यजमान म्हणत, "निरीक्षकबाई, कुकरचाही नंबर घेऊन टाका."

आमच्या किनाऱ्यावर हे काम वाटतं तितकं सोपं नाही. खारा वारा लोखंड खातो. आगरदांड्याचे एक मास्तर होते, त्यांची जीप वर्षानुवर्षं जेट्टीवर उभी असायची. तिच्या चासीचा नंबर शोधायला मला पाऊण तास लागला. रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश, पॉलिश पेपर, सगळं झालं. शेवटी आठ आकडे दिसले आणि गंज उडून माझ्या डोळ्यांत गेला तो वेगळाच. मास्तर वाकून म्हणाले, "बाई, माझ्या जन्मतारखेसाठीसुद्धा कुणी एवढी मेहनत घेतली नव्हती." मी गाडीखालून बाहेर आले तेव्हा बघ्यांची रांग लागलेली होती. बाई गाडीखाली शिरते हे बघायला सुरुवातीची काही वर्षं लोक खास थांबत असत.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मला माझ्या वहिनीनेही विचारलं होतं. कायदा असा आहे, की कारखान्यातून गाडी जशी आली आणि नोंदणी पुस्तकात जशी लिहिली गेली, तशीच ती रस्त्यावर चालली पाहिजे. रंग बदला, पण कळवा. गॅसचं किट बसवा, पण मान्यता असलेलं. इंजिन निकामी झालं तर त्याच जातीचं दुसरं बसवता येतं, पण आधी परवानगी घ्यायची आणि ते कुठून आणलं याचा कागद दाखवायचा. त्याहून जास्त ताकदीचं इंजिन आवडलं म्हणून बसवलं, तर ते चालत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना जुना वारसा म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण तिथेही मूळ रूप मोडलेलं चालत नाही. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली, की मग दर पाच वर्षांनी तिला आमच्यासमोर उभं राहावं लागतं. हौसेने जपलेल्या जुन्या गाड्या माझ्याकडे यायच्या त्या या कारणाने.

अशा गाड्यांवर माझा जीव होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्यांचे मालक आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात आणावं तसे हळू हळू आत यायचे. पण त्यांच्यातला एक दोष मी सतत बघितला. माणूस गाडीवर प्रेम करायला लागला, की तिचं इंजिन बदलतो. ब्रेक कुणी बदलत नाही. पळताना कौतुक होतं, थांबताना कोण बघतं!

हे मी विठ्ठलकडून शिकले, आणि ते शिक्षण मला त्याच्या पायाच्या बदल्यात मिळालं.

विठ्ठल माझ्याच माणगाव तालुक्यातला. जुन्या पेट्रोल जीपमधून तो आसपासच्या गावांतली माणसं बाजाराला आणायचा. त्याने जीपला डिझेल इंजिन बसवलं, आणि रीतसर परवानगी घेऊन बसवलं. त्या काळी अशी परवानगी मिळत असे. इंजिनाचं बिल, मंजुरीचं पत्र, अर्ज, सगळं एका पिशवीत व्यवस्थित. मी नवी होते. रांगेत वीसेक गाड्या होत्या. मी प्रिंट घेतली, कागदाशी ताडली, सपाट ट्रॅकवर त्याला ब्रेक लावायला सांगितलं. जीप थांबली. मी सही केली.

महिन्याभरात बाजाराच्या दिवशी, माणसांनी भरलेली ती जीप उतारावर थांबेना. नव्या इंजिनाचं वजन जास्त, वेग जास्त, आणि ब्रेक मात्र जुन्या हलक्या जीपचे. ते तापले आणि पकडच सुटली. विठ्ठलने जीप दरडीवर घातली. माणसं वाचली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

मी दवाखान्यात गेले. तर तोच मला समजावायला लागला. "ताई, तुमची काय चूक न्हाय. कागद बरोबर व्हता."

कागद बरोबरच होता. चौकशीतही तेच निघालं आणि माझ्यावर काही आलं नाही. मला त्याने आणखीच वाईट वाटलं. ती सही आजही माझ्या डोळ्यांसमोर येते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. आमच्या ट्रॅकच्या मागे एक बंद पडलेली दगडाची खदान आहे. तिथे उतरणारा एक कच्चा रस्ता आहे. इंजिनात काहीही केलेली गाडी आली, की मी शेजारी बसून ती तिथे न्यायला लावायची. वरून खाली तीन वेळा, आणि दर वेळी मध्यावर ब्रेक. पहिल्यांदा सगळ्याच गाड्या थांबतात, खरं ते तिसऱ्यांदा कळतं. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. एजंट लोकांनी त्या रस्त्याला "बाईंचा घाट" असं नाव पाडलं होतं आणि ते माझी ड्यूटी नसेल त्या दिवशीच गाड्या आणायचे.

आता धर्माशेठ आणि त्यांची अॅम्बेसेडर.

धर्माशेठ उरणकडचे. वडिलांची मिठागरं होती. बंदर आल्यावर मुलांनी ट्रेलर घेतले आणि हे शेठ झाले. पण दारात ट्रेलरांच्या रांगेपुढे मान ती वडिलांनी घेतलेल्या दुधी रंगाच्या अॅम्बेसेडरला. सत्तरीचा माणूस, पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, पायात मात्र रबरी चपला. नोंदणीच्या नूतनीकरणाला स्वतः गाडी चालवत आले.

"बाय, आदी गारी बघा, पुस्तक मंग बघा," ते म्हणाले.

मी पुस्तक ठेवायला डॅशबोर्डचा खण उघडला आणि थबकले. खणाच्या झाकणावर आतून कुंकवाचे ठिपके होते. ओळीने, एकाखाली एक. काही काळे पडलेले, काही ताजे.

"आमचे गावाच्या नवऱ्या," शेठ म्हणाले. "जी पोर सासरी गेली ती याच गारीन गेली. माजे आयने पयल्या पोरीला सांगला, जाताना गारीला कुंकू लाव. तवापासून परत्येक पोर लावते." मग एका मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "ही माजे नातीची जागा. रेश्माची. तिचा लगीन हाय महिन्याभरान."

रेश्मा सोबत आली होती. बंदरावर एका कचेरीत नोकरी करणारी, चटपटीत मुलगी. आजोबांच्या शर्टाची कॉलर नीट करत होती.

मी बॉनेट उघडलं. आत जे इंजिन होतं ते पुस्तकातलं नव्हतं, हे नंबर न बघताही कळत होतं. त्याच जातीच्या गाडीचं, पण पुष्कळ नंतरचं आणि चांगलंच ताकदवान. काम मात्र देखणं केलेलं, एक वायर लोंबत नव्हती.

"परवानगी?"

"कसली?"

"इंजिनाचं बिल?"

"भंगारवाल्याने बिल कुटना द्याचा, बाय?"

मग त्यांनी कारण सांगितलं. तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांची मुलगी सासरी निघाली होती. मे महिना. खाडीच्या पुलाचा चढ चढताना जुनं इंजिन बंद पडलं. "पोरीला उन्हान तासभर बसवली आमी. तिची सासरची मानसा काय काय बोलली, मी कानाने ऐकला. गारी अडली, अपशकुन झाला. पोर रडत गेली. तवाच मी ठरवला, आता माजे गारीन बसलेली कंचीपन पोर पुलावं अडाची नाय."

मला माणूस आवडला. पण अर्जावर मला लिहावं लागलं: इंजिन क्रमांक जुळत नाही. कुणाच्या गाडीतून निघालेलं इंजिन, ती गाडी चोरीची की अपघातातली, काही ठाऊक नाही. मी त्यांना सांगितलं, जुनं इंजिन परत बसवा, मी त्याच दिवशी बघते. तोवर गाडी रस्त्यावर आणू नका.

"जुना इंजिन भाच्याला देऊन टाकला," ते तुटकपणे म्हणाले आणि पुस्तक घेऊन निघून गेले. रेश्माने मागे वळून मला नमस्कार केला. मला तो राग दाखवण्यापेक्षा जास्त लागला.

दहा दिवसांनी मला एका बैठकीला अलिबागला जायचं होतं. ती ऐन वेळी रद्द झाली आणि मी ट्रॅकवर आले. बघते तर दुधी अॅम्बेसेडर रांगेत उभी. शेजारी शेठ आणि एक एजंट. मला बघताच एजंटाला चहाची आठवण झाली आणि तो जो गेला तो दिसलाच नाही.

"इंजिन बसवलं का जुनं?" मी विचारलं.

शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "नंबर बघा ना. जुलते."

बॉनेट उघडलं. इंजिन तेच, नवं. पण नंबराच्या जागेवर ग्रीस फासलेलं. ते पुसलं तर खाली लोखंड नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखं चमकत होतं, आणि त्यावर पुस्तकातलाच नंबर, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.

मी प्रिंट घेतली. मग आमच्या रेकॉर्डच्या खोलीत गेले. तिथे लाल कापडात बांधलेले जुने गठ्ठे आहेत. धूळ झाडत, शिंकत, मी या गाडीची पहिली नोंदणी शोधून काढली. त्यात तेव्हाच्या निरीक्षकाने घेतलेली प्रिंट चिकटवलेली होती. पिवळ्या कागदावर तेच आकडे, पण त्यातला सात जरा खाली घसरलेला. कारखान्यात ज्या माणसाने हातोडी मारली त्याचा हात तेवढ्यापुरता हलला असेल. माझ्या नव्या प्रिंटवर सातासकट सगळे आकडे शाळेच्या कवायतीसारखे ताठ एका ओळीत.

दोन्ही कागद मी शेठच्या पुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला.

इंजिनाचा नंबर घासून दुसरा ठोकणं हा गुन्हा आहे. सरळ पोलिसांत जाणारी गोष्ट. गाडी जप्त झाली असती, शेठ लग्नाच्या तोंडावर चौकीच्या खेपा घालत बसले असते. आणि मला मात्र त्या क्षणी गुन्ह्याहून दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटत होती. मी म्हटलं, "चला, जरा फिरून येऊ."

खदानीच्या उतारावर पहिल्यांदा गाडी झकास थांबली. शेठचा चेहरा फुलला. दुसऱ्यांदा थांबायला वेळ लागला. नव्या इंजिनाने गाडी वेग कधी घेते हे कळतच नव्हतं. तिसऱ्यांदा मध्यावर मी "ब्रेक" म्हटलं आणि शेठचा पाय तळाला टेकला. गाडी चाललीच होती. करपल्याचा वास आला. मी ओरडले, "गियर खाली घ्या, गियर!" आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. खालच्या खडीच्या ढिगात तोंड खुपसून गाडी थांबली. दोघांनाही काही झालं नाही.

शेठचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"तो पुलाचा चढ," मी म्हटलं, "त्याच्या पलीकडे उतारही आहे ना, शेठ?"

"हाय."

"आणि खाली वळण?"

त्यांनी मान हलवली. मग हळूच डॅशबोर्डचा खण उघडला आणि त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. "बाय," ते म्हणाले, "मी हिच्यान रेश्माला बसवनार होतो." आणि सत्तरीचा तो माणूस माझ्यासमोर रडला. मी त्यांना विठ्ठलची गोष्ट सांगितली. माझी सहीसुद्धा सांगितली. ती मी तोवर कुणाला सांगितली नव्हती.

आता मी जे केलं ते नियमात बसत नाही, आणि कुणा नव्या निरीक्षकाने ते गिरवू नये. मी पोलिसांत तक्रार दिली नाही. अर्ज फेटाळला, इंजिन जुळत नाही एवढंच लिहिलं, आणि शेठना सांगितलं, की ते इंजिन माझ्यासमोर बाहेर निघालं पाहिजे आणि त्यावर कटर फिरला पाहिजे. ते इंजिन कुणाच्या चोरीच्या गाडीचं असेल, तर त्या माणसाचा मी अपराध केला. हे मी विसरलेले नाही. पण तसंच पुन्हा समोर आलं तर मी काय करीन, याची मला खात्री नाही.

इंजिन निघालं, त्याचे तुकडे झाले. प्रश्न उरला जुन्याचा. भाच्याने ते मिठागरावर पाणी ओढायच्या पंपाला जोडलं होतं आणि तीन वर्षं रॉकेलवर चालवलं होतं. रेश्मा स्वतः ते आणायला गेली. पुढचं मला तिनेच सांगितलं. भाचा म्हणाला, हंगाम चालू हाय, पंप बंद कसा करू? ही म्हणाली, "मामा, आजाने तुजे बायकोला याच इंजिनाने आनली ना? मंग?" मामाने पाना हातात घेतला.

शेठच्या मेकॅनिकने ते उघडलं, मीठ आणि चिखल काढला, नव्या रिंगा घातल्या. ब्रेकचं मात्र मी माझ्या हाताने लिहून दिलं: चारही चाकांचे शू, आतले रबर, तेलाची नळी, सगळं नवं, पण मूळ मापाचं. लग्नाच्या चार दिवस आधी गाडी आली. मी बॉनेट उघडलं, कागद ठेवला, पेन्सिल घासली. घसरलेला सात हळूहळू कागदावर वर आला. कुणी जुना ओळखीचा भेटावा तसं मला झालं.

मग खदान. एरवी तीन वेळा नेत असे, ही पाच वेळा नेली. पाचही वेळा थांबली. चढताना मात्र ती इतकी धापा टाकत होती, की बाजूने चाललेल्या शेळ्या आमच्या पुढे गेल्या.

"पुलावं अडंल ही," शेठ पडेल आवाजात म्हणाले.

"अडू दे," मी म्हटलं आणि सही केली.

लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. अधिकाऱ्याने अशा ठिकाणी जावं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर यायच्या आत साडी नेसले. पाठवणीच्या वेळी रेश्माने झाकणावर आपला ठिपका लावला. नवरा शेजारी, आजोबा स्टिअरिंगवर. मी मागच्या गाडीत होते, वऱ्हाडाबरोबर.

खाडीचा पूल आला. ऊन चांगलंच होतं. अॅम्बेसेडर चढाला लागली, कण्हली, आणि बरोबर मध्यावर बंद पडली.

मागे तीव्र उतार, त्या उतारावर आमच्या आठ-दहा गाड्या आणि पायी चालणारी बँडवाली मंडळी. गाडी मागे घसरली असती तर पहिली त्यांच्यात शिरली असती. मी पुढच्या काचेला नाक लावून बघत होते. अॅम्बेसेडरचे मागचे दोन्ही लाल दिवे पेटले आणि पेटलेलेच राहिले. चाक तसूभरही मागे आलं नाही.

सासरकडच्या एक आजी कुजबुजायला लागल्या. तेवढ्यात अॅम्बेसेडरच्या खिडकीतून मुंडावळ्या बांधलेलं डोकं बाहेर आलं. "आजा, पाय काडू नको हां!" रेश्मा ओरडली, आणि हसायला लागली. नवरी हसतेय म्हटल्यावर नवराही हसला, मग बँडवालेही, आणि त्या आजींनाही तोंडाला पदर लावावा लागला.

"नाय काडत!" आतून शेठचा आवाज आला. "मागे ती आरटीओची बाय हाय ना? तिला सांग, एक इंच नाय हलली!"

मी खाली उतरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायच्या भानगडीत पडले नाही. दहा-बारा माणसं धक्का द्यायला जमली होती, त्यांच्यात घुसले आणि दोन्ही हात मागच्या दिव्यांवर टेकवले. कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं. माझ्या तळव्यांखालचे लाल दिवे विझले, म्हणजे शेठनी ब्रेक सोडला, आणि आम्ही रेश्माची गाडी पुलावरून वर ढकलत नेली.